रंग तपकिरी, मागचा पाय अधू

संगणकाच्या म्हणण्यानुसार पणजोबा व्यवसायाने विधवा होते.

तज्ज्ञाने बाहीने स्क्रीन पुसून पुन्हा वाचलं. पणजोबा विधवाच राहिले. जुन्या काळचे कारकून हात दुखायला लागला की रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ अशा अर्थाच्या दोन रेघा ओढत आणि मोकळे होत. पणजोबांच्या वरच्या ओळीत शेजारची एक विधवा बाई होती. रेघा पाहिल्या, वरचं खाली उतरवलं, झालं काम. संगणक बिचारा सांगितलेलं करतो. त्याच पानावर पणजोबांच्या घरात एक पोटभाडेकरूही राहत होता. नाव नाही, वय शून्य, मुक्काम पानाच्या कोपऱ्यात. मूळ पानाचा फोटो उघडून पाहिल्यावर कळलं, तो शाईचा डाग होता.

“डागाला ठेवायचं का काढायचं?” तज्ज्ञाने विचारलं.

“भाडं वेळेवर देत असेल तर राहू दे,” आत्या म्हणाली.

तज्ज्ञाला तज्ज्ञ म्हणायला काकांनी सुरुवात केली होती. काकांच्या टीव्हीचा रिमोट बंद पडला होता आणि याने त्यातले सेल काढून उलटे घातले, एवढंच त्याचं कर्तृत्व. “आले, तज्ज्ञ आले!” असं काका टाळी वाजवून म्हणाले आणि ते नाव त्याला डिंकासारखं चिकटलं. पोटापाण्यासाठी तो एका छपाईच्या दुकानात कामाला होता. दुकानांच्या पाट्या, हरवलेल्या कुत्र्यांची पत्रकं, निवडून न आलेल्या लोकांचे आभार, असलं काहीबाही तो दिवसभर छापायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून तो आत्याकडे वाढला. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि गॅलरीत वाळत घातलेले त्याचेच शाईने बरबटलेले शर्ट.

आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ. आता मात्र ती गॅस पेटवून काडीकडे बघत उभी राहायची, ही कशाला हातात घेतली म्हणून. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, चष्मा वर-खाली केला आणि सांगितलं, की हळूहळू जाईल सगळं, आधी नवं जाईल, मग जुनं.

आत्याने रिक्षात बसल्यावर विचारलं, “मुंगी कितीशी जुनी रे? म्हणजे तिचा नंबर कधी लागेल?”

मुंगी म्हणजे आत्याची धाकटी बहीण. दोघींत तीन वर्षांचं अंतर. मुंगी तापाने गेली तेव्हा आत्या सहा वर्षांची होती. त्यानंतर आईवडिलांनी घर बदललं, गाव बदललं आणि मुंगीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. फोटो नाही, कागद नाही. भिंतीचा चुना चाटायची म्हणून मार खायची, झोपताना पाय आत्याच्या पोटावर टाकायची, आणि कुणाला उचकी लागली की हसून हसून लोळायची. एवढीच काय ती मुंगी या जगात शिल्लक होती, आणि तीही आत्याच्या डोक्यात. ते डोकं आता भाड्याने घेतलेल्या खोलीसारखं रिकामं व्हायला लागलं होतं.

आत्याच्या पाठचे दोन भाऊ, काका आणि तज्ज्ञाचे बाबा, दोघेही मुंगीनंतर जन्मलेले. बाबांनी जन्मभर हो-ला-हो केलं. काकांनी मात्र कधीच मानलं नाही.

काका वजनमापं निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू उलटा करायचा, तळाचा सरकारी शिक्का बघायचा, नसला की दुकानदाराची भंबेरी उडवायची, यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर तराजू सुटले, सवय सुटली नाही. कुणी म्हणालं, आज उकडतंय, की काका म्हणत, “शिक्का कुठाय?” म्हणजे पुरावा काय. अंगाने ते मोजपट्टीसारखे होते. पण लहानपणी गुटगुटीत असल्यामुळे आत्या त्यांना या वयातही ढब्बूच म्हणायची.

तर या ढब्बूचा पंचाहत्तरावा वाढदिवस येऊ घातला होता. सगळं गणगोत एका हॉलमध्ये जमणार होतं आणि भिंतीवर कुटुंबाची वंशावळ लागणार होती, चांगली पुरुषभर उंच. काम तज्ज्ञाकडे आलं, कारण तो छापतो. वंशावळीची एक मोठी साइट होती. जुन्या घरपट्टीच्या वह्यांचे फोटो संगणकाला वाचायला लावून तिने सगळे पूर्वज रांगेत उभे केले होते. ज्यांना त्या वह्या वाचता येत होत्या ते लोक महाग पडत होते म्हणे.

“मुंगीला घाल त्यात,” आत्या म्हणाली. “माझ्या शेजारी. मी तिला विसरले तरी भिंतीवर राहील.”

काकांना हे कळलं तसे ते जिने चढून आले. मागोमाग काकूही आल्या, मोबाइलकडे बघत. मोबाइलने काहीही विचारलं तरी ‘हो’ दाबायचं, असा काकूंचा सरळ स्वभाव होता. त्यामुळे त्यांना जगातल्या सगळ्या दुकानांचे निरोप येत.

“ताई, उगाच कल्पनेतली माणसं भिंतीवर टांगायची नाहीत,” काका म्हणाले.

“कल्पनेतली? माझ्या पोटावर पाय टाकून झोपायची ती!”

“शिक्का कुठाय?”

“तुझ्या जन्माचा तरी शिक्का मी पाहिलाय का रे ढब्बू? दाई म्हणाली झाला, मी म्हटलं बरं.”

“माझा दाखला आहे. लॅमिनेट केलेला.” काकांनी आवाज खाली आणला. “हे बघ, तुझी तब्येत ही अशी. आज बहीण म्हणतेस, उद्या आणखी कुणी म्हणशील. डॉक्टरच म्हणाले ना, नाही ते आठवायला लागतं म्हणून.”

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. पण आत्याला स्वतःला खात्री देता येत नव्हती, हेच वाईट होतं. काका गेल्यावर ती भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, “चुना चाटायची. चुनाच ना रे? मी तुला काय सांगितलं होतं?”

“चुनाच,” तज्ज्ञ म्हणाला आणि पुन्हा शोधायला बसला.

आणि सापडली की.

आत्याच्या लहानपणीच्या गावाची घरपट्टीची वही साइटवर नुकतीच चढली होती. घरमालक, म्हणजे आत्याचे वडील. व्यवसाय, गाडीवरून माल वाहणे. त्याखाली पत्नी. त्याखाली मुलगी, वय सहा, ही आत्या. आणि त्याखाली आणखी एक ओळ. नातं: मुलगी. लिंग: स्त्री. वय: तीन. नाव: नोंद नाही. पुढचा ‘इतर तपशील’चा रकाना धूसर करून त्यावर कुलपाचं चित्र लावलं होतं. पैसे भरा आणि कुलूप उघडा. वर हिरव्या पट्टीत लिहिलं होतं, ‘अभिनंदन! तुम्हाला एक नवीन नातेवाईक मिळाली आहे.’

आत्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. काढलंच नाही. बोटाखाली ती ओळ झाकली गेली तरी काढलं नाही.

“नाव नव्हतंच ठेवलं धड,” ती म्हणाली. “मुंगीच म्हणायचो सगळे. तीन. बरोबर तीन.” मग ती रडली आणि रडता रडता तिला उचकी लागली. उचकी लागल्यावर ती हसायला लागली. तज्ज्ञाने पाणी आणून दिलं. ज्या यंत्राने डागाला भाडेकरू केलं आणि पणजोबांना विधवा, त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न त्याला पडला होता. पण त्याने कुलूप उघडलं नाही. तज्ज्ञाने जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून अज्ञान पत्करलं.

काकांना त्याने पान छापून नेऊन दिलं. काकांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, मागे काही नाही याची खात्री केली. मग आत्याला फोन लावला.

“ताई,” ते म्हणाले, आणि पुढचे शब्द दात उपटावा तसे एकेक करून बाहेर काढले, “माझं चुकलं असेल.”

काकूंनी मोबाइलमधून मान वर केली. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

आत्याचे पुढचे दिवस मजेत गेले. भाजीवाल्याला, खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला, चुकून फोन केलेल्या कुणा परक्या माणसालाही तिने सांगितलं. “होल्ड करा हं,” असं जुन्या सवयीने म्हणून ती पान आणायला जायची आणि नातं, लिंग, वयासकट सगळी ओळ वाचून दाखवायची. तज्ज्ञाने वंशावळ छापली. आत्याच्या चौकोनाशेजारी एक चौकोन, आत ‘मुंगी’. दुकानाच्या मालकाने यंत्रातून बाहेर येणारा कागद बघून विचारलं, “हे काय, किड्यांपर्यंत गेलात का?”

पण तपासणी हे काकांचं व्यसन होतं. कुलूप लावलेला रकाना त्यांना झोपू देईना. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी पैसे भरले.

खरं तर त्यांनी फोन करून सांगायला हवं होतं. निदान तज्ज्ञाला तरी. पण ज्या माणसाने आयुष्यात एकदाच चूक कबूल केली, त्याला ती परत घ्यायची संधी मिळाली की ती चारचौघांतच घ्यावीशी वाटते. हॉलमध्ये सगळे जमले, केक कापून झाला, वंशावळीवरचा पडदा ओढला, लोक आपापले चौकोन शोधून त्यासमोर फोटो काढायला लागले, आणि काकांनी माइक हातात घेतला. खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“आमच्या ताईच्या धाकट्या बहिणीबद्दल दोन शब्द,” ते म्हणाले. आत्या पहिल्या रांगेत सावरून बसली. “इतर तपशील. मी वाचतो, तुम्ही ऐका. रंग तपकिरी. कपाळावर पांढरा पट्टा. मागचा डावा पाय अधू. ओझ्यास बरी. लाथ मारते.”

हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, घोडी!” आणि हॉलभर हशा पिकला. माणसं खुर्च्यांचे हात धरून हसली. एका लांबच्या आतेभावाने विचारलं, सासर कुठलं मिळालं तिला. काकांनी हात वर करून शांतता मागितली आणि खुलासा केला. त्या गावचा कारकून कागद वाचवायचा. घरातली माणसं संपली की रेघ न मारता खाली जनावरं लिहायचा, कर दोन्हींवर होता म्हणून. नात्याच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’च्या रेघा त्याने सवयीने खालपर्यंत ओढल्या. वर ‘मुलगी’ होतं. संगणकाने घोडीला मुलगी केलं. “आणि वहीच्या पहिल्याच पानावर नियम आहे,” काका म्हणाले, “पाच वर्षांखालची मुलं लिहू नयेत. कर लागत नाही. तेव्हा तीन वर्षांची मुलगी या वहीत असूच शकत नाही. तीन वर्षांची घोडी असू शकते.”

टाळ्या पडल्या. तपासणी चोख होती.

तज्ज्ञाला नंतर पुष्कळ उत्तरं सुचली. मुलगी वहीत नाही म्हणजे ती नव्हतीच असं होत नाही. लिहायची नाही म्हणून लिहिली नाही, एवढंच होतं. त्या वेळी मात्र तो केकची ताटली हातात धरून उभा राहिला.

आत्या उठली. लोक बाजूला झाले. ती वंशावळीजवळ गेली, आपल्या शेजारच्या चौकोनावर हात ठेवला आणि वळून म्हणाली, “घोडी होती आमच्याकडे. खरं आहे. ती आजारी पडली तेव्हा आमच्या बाबांनी दोन गावं पालथी घालून वैद्य आणला होता.”

मुंगीला ताप आला तेव्हा काय झालं, ते कुणी विचारलं नाही. हसण्याचा भर ओसरला होता आणि केक वितळत होता.

काकांनी वंशावळ पुन्हा छापायला सांगितली. मुंगी काढून. तज्ज्ञाने छापली, यंत्राला काय, ते एक चौकोन कमी काढतं. आत्या त्या दुपारी दुकानात आली, चालत, दोन वेळा रस्ता चुकून. यंत्राशेजारच्या स्टुलावर बसली. पायाशी कापलेल्या कागदांच्या पट्ट्या पडल्या होत्या.

“त्या साइटवरची ओळ अजून आहे का रे?”

“आहे. काका म्हणालेत, चूक कळव आणि काढायला लाव.”

“कळवलीस?”

“दुरुस्तीचा फॉर्म आहे. पुरावा काय ते निवडावं लागतं. वही, दाखला, थडगं, वर्तमानपत्र.”

“आठवण?”

तज्ज्ञाने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. “नाही.”

“मग नोंद बरोबर आहे का, असंही विचारत असतील ना?”

विचारत होते. ओळीखाली दोन बटणं होती. ‘ही नोंद चुकीची आहे’ आणि ‘ही नोंद बरोबर आहे’. कुटुंबातल्या दोन माणसांनी ‘बरोबर’ म्हटलं, की नोंद कायमची पक्की होणार होती; मग ती कुणालाच हलवता येणार नव्हती. काकांनाही नाही.

“आत्या, पण सगळंच पक्कं होईल. तो तपशीलसुद्धा. रंग तपकिरी. पाय अधू. लाथ मारते.”

आत्याने विचार केला. बाहेरून कुणीतरी ओरडून पत्रकं झाली का विचारलं, मालकाने ओरडून नाही सांगितलं.

“लाथ मारायची,” आत्या म्हणाली. “झोपेत. ते खरंच आहे.” मग म्हणाली, “लंगडी तर लंगडी. दाब.”

तज्ज्ञाने स्वतःच्या नावाने दाबलं. आत्यासाठी नवीन खातं काढलं आणि तिचं बोट बटणावर ठेवून दिलं. हिरवी पट्टी आली, ‘तुमच्या पूर्वजांच्या वतीने आभार’. नावाच्या रकान्यात आत्याने ‘मुंगी’ भरायला लावलं. अशा रीतीने चुनेखाऊ मुंगी घोडीच्या अंगात शिरून अमर झाली.

त्यानंतर गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या तशाच झाल्या. आधी नवं गेलं. हॉल गेला, केक गेला, काकांचं भाषण गेलं. आत्याला काकांवरचा राग आठवेना, आणि काकांना ते सहन होईना. ते रोज येऊन बसायला लागले. शिव्या खायला तयार होऊन यायचे, आणि ही त्यांना चहा विचारायची. एकदा त्यांनी जिन्यात तज्ज्ञाला गाठून विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हणते का?”

“ढब्बूने दूध प्यायलं का, म्हणून विचारते.”

काका कठडा धरून उभे राहिले. जिने चढून त्यांचा गुडघा सुजला होता.

गुडघा दाखवायला त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. आत्याला घरी एकटी ठेवणं आता शक्य नव्हतं, म्हणून तज्ज्ञ तिलाही घेऊन गेला. दवाखान्याची माहिती काकूंनी आधीच मोबाइलवर भरून दिली होती, प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ दाबत. त्यातला एक प्रश्न असा होता, की तुमच्या वंशावळीतून घराण्यातले आजार आम्ही आपोआप घेऊ का.

डॉक्टर तरुण होता. त्याने काकांचा गुडघा वाकवला, सरळ केला आणि स्क्रीनकडे पाहिलं.

“घराण्यात पायाचा त्रास दिसतोय. तुमच्या बहिणीला होता का? डावा पाय अधू, असं आलंय.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. तज्ज्ञाने छताकडे पाहिलं. काकांनी मान ताठ केली. तराजू उलटा करताना करत असत तशी. ‘ती घोडी होती’ एवढे तीनच शब्द बोलायचे होते, आणि ते त्यांच्याकडे पुराव्यानिशी तयार होते.

त्यांनी शेजारी बघितलं. आत्या खुर्चीत बसून दवाखान्याच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीचा एक पोपडा निघाला होता.

“हो,” काका म्हणाले. “होता.”

“कधीपासून?”

“लहानपणापासून.” काकांचा आवाज मोठा झाला. डॉक्टर हाताच्या अंतरावर होता, त्याच्यासाठी एवढ्या मोठ्या आवाजाची गरज नव्हती. “तीन वर्षांची होती. माझी बहीण. मुंगी म्हणायचे तिला. मी पाहिली नाही, पण होती. आमच्या ताईच्या पाठची. तापाने गेली.”

आयुष्यात पहिल्यांदा बिनशिक्क्याचं माप त्यांनी खरं मानलं होतं, तेही चारचौघांत. डॉक्टरने ते टाइप केलं. शेजारच्या यंत्रातून कागद बाहेर आला, मदतनीस बाईने त्यावर दवाखान्याचा गोल शिक्का मारला आणि काकांच्या हातात दिला.

काकांनी तो आत्यापुढे धरला. “ताई, बघ. शिक्का आहे.”

आत्याने कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि हळूहळू वाचला. बहीण. डावा पाय अधू. मृत्यू, बालपणी, ताप. तिचा चेहरा कळवळला. दुसऱ्याचं दुःख ऐकून माणसाचा कळवळतो तसा.

“अगंबाई,” ती म्हणाली. “एवढीशी गेली?” आणि कागद काकांना परत देत तिने अगदी हळू विचारलं, “कुणाची रे ही?”